आमची वाटचाल: दप्तरांपासून सॅकपर्यंत

16 वर्षांपूर्वी पुण्यात नारायण पेठेत आमचं बॅगदुरुस्तीचं दुकान होतं. शाळेची दप्तरं, सुटकेसची चाकं, चेनचे रनर. राजगड-तोरणा करणारी पोरं ऐन शुक्रवारी तुटकी सॅक आणायची आणि "काका, उद्या निघायचंय" म्हणायची. उसवून बघितलं की बहुतेक सॅक एकाच जागी गेलेल्या असायच्या, खांद्याचा पट्टा पाठीला जोडतो तिथे. मग पट्टी चांगली आतपर्यंत घेऊन बारटॅक, म्हणजे एकाच जागी मागेपुढे दाट टाके, मारायला लागलो. त्यासाठी जुनं मशीन उधारीवर आणलं. बायको त्याला कित्येक दिवस सवत म्हणायची.

गिऱ्हाईक आजही आधी कापडाचा डेनिअर विचारतं. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, त्यावरून धागा किती जाड ते कळतं, एवढंच. कापड फाटून आलेली सॅक क्वचित बघतो, शिलाई गेलेली रोज.

स्वतःच्या पहिल्या 20 सॅक शिवल्या त्या दिसायला झकास होत्या, पण कमरेला नुसती नवार लावली होती. एकजण हरिश्चंद्रगडाची नळीची वाट करून आला आणि शर्ट सरकवून खांद्यावरचे वळच दाखवले. ओझं कमरेनं पेलायचं असतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. पट्टा रुंद, फोमचा आणि कमरेच्या हाडावर बसणारा हवा. पाठीत अॅल्युमिनियमची पट्टीही हवी, नाहीतर सॅक मध्येच दबते आणि भार पुन्हा खांद्यावर येतो. विसाच्या वीस परत मागवल्या, 17 आल्या.

तेव्हापासून उंची विचारत नाही, पाठ मोजतो. मान खाली घातली की वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायची. सहा फुटी माणसाची पाठ आखूड निघते, असंही होतं. खांद्याच्या पट्ट्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारी छोटी तिरकी पट्टी लोकांना शोभेची वाटते. ती ओढली की सॅकचा माथा पाठीला लागतो, मागे खेचत नाही.

रेनकव्हर देतो, पण पाणी पाठीकडून शिरतंच. आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला. आणि ओली सॅक माळ्यावर टाकू नका, कापडाला आतून दिलेला पाणी अडवणारा लेप चिकट होऊन सोलतो.

आता आम्ही सहाजण आहोत, दुरुस्तीचं टेबल मात्र अजून दारातच आहे. नवी सॅक मागणाऱ्याला आधी जुनी आणायला सांगतो. पट्टे नीट बसवून दिले की पुष्कळदा तो तीच घेऊन जातो. मुलगा गल्ल्यावरून माझ्याकडे बघत राहतो.