तंबोऱ्यातली हवा आणि विमानाचे भाडे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून परदेशी निघालेला तंबोरा पेटीसकट १४ किलो भरला, तरी पेटी १५० × ५० × ४५ सेंटिमीटरची असेल तर तिचे घनफळ ३,३७,५०० घन सेंटिमीटर होते आणि एक्सप्रेस सेवेत त्याला ५००० ने भागून 'घनफळी वजन' काढतात; प्रत्यक्ष आणि घनफळी यांत जास्त असेल ते धरत असल्याने ग्राहकाला ६७.५ किलोचे बिल लागते. "साहेब, भोपळ्यात नुसती हवा असते, तिचं कसलं वजन धरता?" असे एका वयस्कर कारागिरांनी मला विचारले होते. विमानात वजनाआधी जागा संपू शकते, हे मी त्यांना समजावले. मात्र आमच्या एक्सप्रेस सेवेच्या सांगलीच्या कार्यालयातील अहवालात या हवेचा हिशेब नव्हता.

आम्ही महिन्याचे एकूण हवाई भाडे एकूण प्रत्यक्ष वजनाने भागत होतो. हा आकडा वाढला की इंधन अधिभाराला दोष दिला जाई. मी पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पार्सलची वेगळी ओळ केली आणि मूळ भाडे, अधिभार व टर्मिनलचा खर्च वेगवेगळ्या रकान्यांत घातला, तेव्हा दिसले की दर जवळपास तोच होता. हलका पण जागा खाणारा माल वाढला होता.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. विमान कंपनी साधारणपणे ६००० ने भागते आणि एका मास्टर एअर वे बिलावरील, म्हणजे एकत्र पाठवलेल्या खेपेच्या एकाच वाहतूक-पावतीवरील, सर्व मालाचे वजन व घनफळ एकत्र मोजते. समजा, या तंबोऱ्यासोबत तासगावचा १०० किलो बेदाणा आहे आणि त्याचे घनफळी वजन ३० किलो आहे. वेगवेगळे पाठवल्यास अर्ध्या किलोपर्यंत वर धरून ५६.५ आणि १०० मिळून १५६.५ किलोचे भाडे पडते. एकत्र पाठवल्यास प्रत्यक्ष वजन ११४ आणि घनफळी ८६.२५, म्हणून फक्त ११४ किलोचे. जड माल हलक्याची जागा भरून काढतो, आणि एक्सप्रेसमधली पुष्कळशी बचत इथेच आहे, असे माझे मत आहे.

हे ११४ किलोचे भाडे दोघांत वाटायचे कसे? प्रत्यक्ष वजनाने वाटले तर तंबोऱ्याकडे जेमतेम १२ टक्के येतात आणि बेदाण्याचा ग्राहक तोट्याचा भासतो. स्वतंत्र आकारणी वजनाने, म्हणजे वेगवेगळे पाठवल्यास धरल्या जाणाऱ्या ५६.५ आणि १०० किलोंच्या प्रमाणात वाटले तर तंबोऱ्याकडे सुमारे ३६ टक्के येतात. मी दुसरी पद्धत स्वीकारली, कारण जागा कोणी व्यापली हे तीच दाखवते. आणखी एक दक्षता आवश्यक आहे: प्रत्येक ओळीच्या दराची सरासरी न काढता एकूण खर्चाला एकूण आकारणी वजनाने भागावे, नाहीतर दोन किलोचे पाकीट आणि दोनशे किलोची खेप यांना सारखेच महत्त्व मिळते.

अर्थात बुकिंगच्या वेळी लांबी, रुंदी, उंची भरलीच नसेल तर यातले काहीही शक्य नाही. म्हणून ते रकाने रिकामे असलेल्या पार्सलांची यादी मी आता रोज संध्याकाळी काढतो.

त्या कारागिरांनी मानेकडे पेटी निमुळती करण्याचे सुचवले होते. मोजमाप सर्वांत रुंद जागी घेतले जात असल्याने त्याचा उपयोग नव्हता. पण तंबोरे बहुधा जोडीने मागवले जातात, हे त्यांच्याच बोलण्यातून निघाले. दोन तंबोरे उलटसुलट ठेवून १५० × ६५ × ४५ ची एकच पेटी केली, तर दोन पेट्यांच्या १३५ किलोऐवजी सुमारे ८८ किलोची आकारणी होते. तशी पहिली पेटी त्यांनी सुताराकडे करायला दिली आहे.