काशाची वाटी आणि आम्ही पाच जण : पहिल्या ४३ दिवसांची नोंद

मी एकटी गेली तीन वर्षं पहाटे वीस मिनिटं ध्यानाला बसते. त्या वेळी घरात कुणी जागं नसतं, म्हणून माझी बैठक टिकली. पण नवऱ्याची नोकरी गेली आणि एकटीनं बसणं पुरेनासं झालं. मी शांत होऊन उठायची आणि दार उघडलं की सगळ्यांचे चेहरे ओढलेले. थोरली तेरा वर्षांची, तिला सगळं कळतं. धाकटा सात वर्षांचा, त्याला कळत काही नाही पण जाणवतं सगळं. सासूबाई रात्र रात्र जाग्या. मग रोज रात्री, झोपायच्या आधी, पाचही जणांनी मिळून बसायचं ठरवलं.

दिवस १ ते ५

हे पाच दिवस फसले, आणि चूक माझी होती. मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि 'श्वास घ्या, सोडा' असं संथ आवाजात म्हणत राहिले. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी धाकटा मध्येच म्हणाला, "आई, तू सोड म्हणतेस तोवर मला परत घ्यायचा असतो."

त्याचं अगदी बरोबर होतं. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. सात वर्षांच्या मुलाचा विशीच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही जास्त. माझा स्वतःचा मी नंतर घड्याळ लावून मोजला, तर बैठकीत तो आठ-नऊवर उतरलेला. म्हणजे तीन वर्षांच्या सरावानं लांबलेला माझा श्वास मी त्या पोरावर लादत होते. घरात लहान मूल असेल तर एका लयीत श्वास घ्यायचा आग्रह धरू नका, हे मी मनापासून सांगते.

तिसऱ्या रात्री नवरा म्हणाला, "श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आवळल्यासारखी होते." हेही नवल नाही. काळजीनं आधीच छाती भरून आलेली असते, त्यात तिच्याकडेच टक लावून बसायचं म्हणजे काहींची घालमेल वाढते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये तणावासाठी जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही श्वासाबरोबर पडून करायचा बॉडी स्कॅन (शरीराच्या एकेका भागाकडे क्रमानं लक्ष नेणं) आहे, चालणं आहे, साधी योगासनं आहेत. लक्ष टेकवायला काहीतरी हवं, ते नाकाशीच असलं पाहिजे असं नाही. हे मला माहीत होतं, तरी घरच्यांसमोर बसल्यावर मी आपलीच सवय पुढे केली.

दिवस ६

श्वास बाजूला ठेवला आणि आवाज घेतला. व्हिएतनामी बौद्ध भिक्षू थिच न्हात हान यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये वसवलेल्या प्लम व्हिलेज या साधना-केंद्रात घंटा वाजली की जो तो हातातलं काम थांबवतो आणि स्वतःच्या श्वासाशी येतो. आमच्याकडे घंटा नव्हती, काशाची एक जुनी वाटी होती. ती टॉवेलच्या घडीवर ठेवायची आणि लाकडी चमच्यानं कडेला हलकेच टोला द्यायचा. तळहातावर धरली तर बोटं कडेला लागतात आणि आवाज लगेच मरतो. घडीवर ठेवल्यावर तो पुष्कळ वेळ घुमत राहतो.

खेळ एवढाच: डोळे मिटायचे, आवाज ऐकत राहायचं, आणि तो पूर्ण संपला असं वाटेल तेव्हा बोट वर करायचं. मी डोळे किलकिले ठेवून बघत होते. सासूबाईंचं बोट सगळ्यात आधी वर गेलं. मग नवऱ्याचं, मग थोरलीचं. धाकट्याचा हात मांडीवर तसाच. त्याची मान किंचित वाटीकडे कललेली, ओठ अर्धवट उघडे, पापण्या थरथरत होत्या. सगळ्यांची बोटं वर होऊन बराच वेळ झाल्यावर त्यानं बोट उचललं, तेही अगदी सावकाश, जणू हललं तर उरलेला आवाज सांडेल.

वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आजीची वाटी लवकर थांबते आणि नातवाची उशिरा. थोरलीनं विचारलं, "मग खरं कोणाचं?" मी म्हटलं, सगळ्यांचंच. त्या रात्री मला उमगलं की एकत्र सराव करायचा म्हणजे सगळ्यांनी एकच गोष्ट अनुभवायची असं नसतं. टोला एक, ऐकणं ज्याचं त्याचं.

दिवस ७ ते १६

रोज तीन टोले, मधे थोडी शांतता. एकूण चार-पाच मिनिटं. दोन दिवस राहून गेले. आवाज संपल्यावर पुढे कुठे लक्ष ठेवायचं ते ज्यानं त्यानं निवडायचं. नवऱ्यानं तळपाय घेतले, जमिनीचा गारवा. सासूबाईंनी हातात हात. थोरली सांगत नाही, मीही विचारत नाही.

दिवस १७

ही नोंद लिहायला जड जातेय. थोरली अभ्यासावरून चिडली होती, आवाज चढला होता, आणि मी म्हटलं, "आधी वाटी वाजवूया." ती म्हणाली, "म्हणजे मी गप्प बसायचं, असंच ना?" आणि उठून गेली. रात्री बैठकीला आली नाही.

तिनं जे ऐकलं तेच मी म्हटलं होतं. राग आलेल्या माणसाला 'शांत हो' म्हणायला सराव वापरला की तो सराव शिक्षा होतो, आणि मूल त्यापासून कायमचं लांब जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. दोघींनी मिळून नियम केला: वाटी फक्त स्वतःसाठी वाजवायची, दुसऱ्याला थांबवण्यासाठी कधीच नाही. वाजली तर बाकीच्यांनी थांबायचं की नाही, हे त्यांच्या मर्जीवर. तीन दिवसांनी ती परत येऊन बसली. मी काही बोलले नाही.

दिवस १८ ते ३७

विशेष लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंची झोप फारशी सुधारलेली नाही, पण जाग आल्यावर त्या हातात हात घेऊन पडून राहतात, उठून येरझाऱ्या घालत नाहीत. धाकट्याच्या शाळेच्या बॅगेत एक चमचा सापडला. टेबलाच्या पायावर वाजवून बघितला, पण लगेच थांबतो, म्हणाला.

दिवस ३८

संध्याकाळी नवऱ्याला नकाराचा फोन आला. तिसरा. तो फोन उलटा ठेवून खिडकीपाशी उभा राहिला. कुणालाच काय बोलावं कळेना. मला वाटी दिसत होती, पण नियम आठवला आणि मी हात आवरला. पाच-सात मिनिटांनी तो स्वतःच आला, खाली बसला आणि टोला दिला. धाकटा शेजारी येऊन टेकला, मग सासूबाई आल्या. थोरली दारातच उभी होती, डोळे मिटून. तिथूनच तिनं बोट वर केलं.

नंतर त्यानं नकाराबद्दल सगळं सांगितलं, मुलांसमोर, साध्या शब्दांत. आतापर्यंत असे फोन आम्ही दार लावून बोलायचो.

पुढे

येत्या आठवड्यापासून बॉडी स्कॅन. कबात-झिन यांच्या अभ्यासक्रमात तो ४५ मिनिटांचा असतो, आम्ही सातवर ठेवणार आहोत: तळपाय, पोटऱ्या, पोट, हात, चेहरा, बस. सासूबाईंना जमिनीवर झोपणं जमत नाही, त्या खुर्चीत. सूचना या वेळी मी देणार नाही, थोरली देईन म्हणाली आहे. वाटी धाकट्याकडे. ती टॉवेलच्या घडीसकट त्याच्या उशाशी असते.