किराळ लागते तेव्हा पेशीत नेमकं काय अडतं

किराळ, म्हणजे कोवळी किंवा सुकत चाललेली ज्वारी खाऊन होणारी सायनाइडची विषबाधा, लागून मेलेल्या गाईचं रक्त लालभडक असतं. गुदमरून मेलेल्या जनावराचं रक्त काळपट पडतं, इथे नेमकं उलट. फुफ्फुसं चालू होती, हवा आत जात होती, रक्त ऑक्सिजन घेऊन पार पेशीच्या दारापर्यंत पोहोचत होतं. पेशींना तो वापरताच आला नाही, म्हणून परतीच्या शिरेतही रक्त तसंच लाल राहिलं. खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा कुठे आणि कशी सुटते, हे समजून घ्यायला याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही. शिवाय ते आपल्याच माळावरचं आहे. जुलै-ऑगस्टात पावसाचा खंड पडला आणि गुडघ्याएवढी ज्वारी सुकायला लागली, की हा धोका सुरू होतो.

आधी अन्नाचं बघू. भाकरीतल्या स्टार्चचं पोटात ग्लुकोज होतं आणि ते रक्तातून पेशीत जातं. पेशीद्रवात दहा पायऱ्यांमध्ये त्या सहा कर्बांच्या रेणूचे तीन-तीन कर्बांचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुवेट म्हणतात. या कामात आधी 2 एटीपी (पेशीत ऊर्जा पोहोचवणारे रेणू) खर्चावे लागतात आणि नंतर 4 मिळतात, म्हणजे हातात 2 उरतात. ऑक्सिजनचा इथवर काहीच संबंध नाही. पुढे पायरुवेट तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात शिरतं, एक कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि दोन कर्बांचं ॲसिटिल को-ए तयार होतं. हान्स क्रेब्सने 1937 मध्ये मांडलेल्या चक्रात उरलेले दोन कर्बही असेच सुटतात.

गाईचं इथे थोडं वेगळं आहे. तिच्या कोठीपोटातले जंतू कडब्याचं ग्लुकोज स्वतःच आंबवून टाकतात आणि तिला मिळतं ते मुख्यतः ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. पण ॲसिटेटचंही ॲसिटिल को-एच होतं. माणसाची भाकरी आणि गाईचा कडबा या एका रेणूपाशी येऊन मिळतात.

कर्ब सुटला म्हणजे ऊर्जा मिळाली, असं मात्र नाही. खरी कमाई असते ती या सगळ्या पायऱ्यांवर काढून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांची. ते वाहून नेतो एनएडी नावाचा रेणू. इलेक्ट्रॉन घेतले की त्याचा एनएडीएच होतो, आणि ते उतरवल्याशिवाय तो पुढच्या खेपेला मोकळा होत नाही. (हा रेणू नायसिन या ब जीवनसत्त्वापासून बनतो. केवळ ज्वारीवर भागवणाऱ्या दख्खनच्या गरीब घरांत पेलाग्रा दिसायचा: मान आणि हात उन्हाने काळवंडायचे, जुलाब लागायचे. हैदराबादेत गोपालन आणि श्रीकांतिया या पोषण-संशोधकांनी 1960 मध्ये त्यासाठी ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्या कारणावर पुढे वाद झाला, पण भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असावी, यावर वाद नाही. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं.)

एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर उतरवतो. तिथे प्रथिनांचे मोठे संच ओळीने बसलेले असतात. इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात आणि त्या उताराच्या जोरावर प्रोटॉन पडद्याबाहेर ढकलले जातात, एका एनएडीएचमागे साधारण 10. बाहेर साचलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाच्या फिरत्या यंत्रातून आत परततात आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतो. पीटर मिचेलने 1961 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती फारशी कुणाला पटली नव्हती. 1978 मध्ये तिला नोबेल मिळालं. एका ग्लुकोजमागे एकूण 30 ते 32 एटीपी हा आजचा हिशेब आहे. पुष्कळ पुस्तकांत अजून 38 छापतात, तो आकडा जुना झाला.

ओळीच्या अगदी शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज असतं. तिथे उतरलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो आणि त्याचं पाणी होतं. श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचं शरीरात मुख्य काम एवढंच. आपण बाहेर सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन श्वासातला नसतो, तो अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. मुलांना शिकवताना हे नक्की सांगावं, कारण बहुतेकांच्या डोक्यात उलटंच बसलेलं असतं.

आता किराळ. कोवळ्या ज्वारीच्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ते वरच्या सालीच्या पेशींत साठवलेलं असतं आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) आतल्या पेशींत. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावराने चावलं, चुरगळलं, किंवा पान सुकून पेशी फुटल्या, की धुरिनमधून हायड्रोजन सायनाइड सुटतो. रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका जास्त, कारण कोठीपोट फारसं आम्लधर्मी नसतं आणि तिथले जंतूही धुरिन फोडतात.

सायनाइड रक्तातून पेशीत पोहोचतो आणि सायटोक्रोम ऑक्सिडेजमधल्या लोहाला चिकटतो. ऑक्सिजनची जागाच अडली. कारखान्याचं गाळप बंद पडल्यावर उसाच्या गाड्यांची रांग जशी मागे मागे वाढत जाते, तसं इथे होतं: इलेक्ट्रॉन तुंबतात, एनएडीएच भरलेलेच राहतात, मोकळा एनएडी संपतो आणि क्रेब्स चक्र थांबतं. पेशी पायरुवेटचं लॅक्टेट करून कसंबसं चालवू पाहते, पण त्यात ग्लुकोजमागे 2 च एटीपी. मेंदू आणि हृदयाचं त्यावर भागत नाही. शिल्लक एटीपी काही सेकंदांचा असतो.

मात्रा किती कमी लागते ते पाहा. दर किलो वजनामागे सुमारे 2 मिलिग्रॅम सायनाइड घातक धरतात. 400 किलोच्या गाईला 800 मिलिग्रॅम, एक ग्रॅमसुद्धा नाही. हिरव्या चाऱ्यात किलोला 200 मिलिग्रॅम असेल तर 4 किलो चाऱ्यात तेवढं भरतं, आणि भुकेली गाय तो बघता बघता संपवते. हेच सावकाश, थोडं थोडं पोटात गेलं तर यकृत गंधकाच्या मदतीने त्याचं थायोसायनेट करून लघवीवाटे काढून टाकतं. म्हणून उपाशी जनावर कधीच ज्वारीत सोडू नये, आधी कडबा टाकावा.

लक्षणं कधी कधी दहा-पंधरा मिनिटांत दिसतात: धाप, तोंडाला फेस, थरथर, झोकांड्या, मग आडवं पडणं. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि त्यामागोमाग सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्राइट रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं लोह बदलून सायनाइडला चिकटायला दुसरी जागा देतं, त्यामुळे तो सायटोक्रोम सोडतो. थायोसल्फेट यकृताला गंधक पुरवतं. वेळेत इंजेक्शन मिळालं तर आडवं पडलेलं जनावरही उठतं. पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या टोल फ्री क्रमांकावर लगेच फोन करावा. गुळाचं पाणी पाजण्याची पद्धत आहे, पण धापा टाकणाऱ्या जनावराला पाजताना ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो आणि मोलाची वेळही जाते.

एक घोटाळा मात्र जीवघेणा आहे. युरिया भरपूर टाकलेल्या आणि पाण्याच्या ताणात असलेल्या ज्वारीत नायट्रेटही साठतं. त्याची विषबाधा दिसायला बरीचशी अशीच, पण रक्त चॉकलेटी तपकिरी होतं. तिथे नायट्राइट टोचलं तर जनावर हमखास हातचं जातं, तिथे मिथिलीन ब्ल्यू लागतं. म्हणून रक्ताचा रंग बघितल्याशिवाय कुणीही, अनुभवी माणसानेही, सुई लावू नये.

टाळायचं कसं? पीक निम्मं फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवं खाऊ घालू नये. कापणीनंतर अवकाळी पाऊस झाला की धसकटांना कोवळे फुटवे येतात, ते सगळ्यात वाईट, आणि बांधावरून चरत जाणारी ढोरं नेमकी तिथेच वळतात. कापून तासभर उन्हात टाकलेली ज्वारी सुरक्षित नसते, कारण अर्धवट सुकताना सायनाइड उलट सुटत असतो. पूर्ण खडखडीत वाळलेल्या कडब्यात तो उडून गेलेला असतो. हा वायू 26 अंशांनाच उकळतो. मूरघासही तीन-चार आठवडे मुरल्यावर चालतो.

ज्वारीच्या दाण्यात धुरिन जवळपास नसतं, पण मोड आले की ते तयार होतं. मटकीसारखी मोडाची ज्वारी कच्ची खाण्याचा सल्ला हल्ली फिरतो, तो ऐकू नये. ज्वारीचे मोड पीठासाठी करायचे असतील तर दाणे चांगले वाळवून कोंब आणि मुळं चोळून काढावीत आणि मगच दळावं.