जॉन लॉर्डच्या बाजूनं ऐकलेले डीप पर्पलचे लाइव्ह अल्बम

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा सगळ्यात भारी लाइव्ह अल्बम कोणता, असा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘मेड इन जपान’. उत्तर बरोबरच आहे, माझंही तेच आहे. पण त्यानंतर जो वाद रंगतो, तो जवळजवळ नेहमी दोनच माणसांभोवती फिरतो. एक गट रिची ब्लॅकमोरच्या गिटारचा, दुसरा इयन गिलनच्या आवाजाचा. ऑर्गन वाजवणाऱ्या जॉन लॉर्डचं नाव बरंच नंतर येतं, तेही ‘ऑर्गनपण मस्त आहे हं’ एवढ्यावर आटोपतं. मला हे मनापासून खटकतं. मी स्वतः कीबोर्ड वाजवते, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो हे खरं. पण त्याहून मोठं कारण आहे. या बँडमधले गायक बदलले, बेसवाले बदलले, गिटारवालेही बदलले. १९६८पासून २००२पर्यंत, म्हणजे लॉर्ड बाहेर पडेपर्यंत, बँड जेव्हा जेव्हा उभा होता तेव्हा त्यात लॉर्ड आणि ड्रमर इयन पेस हे दोघं होतेच. मग हे सगळे अल्बम शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर लॉर्ड त्या त्या रात्री काय करतोय हे ऐकण्याइतकी चांगली मोजपट्टी दुसरी कुठली?

‘मेड इन जपान’पासूनच सुरुवात करते. १९७२च्या ऑगस्टमधल्या सलग तीन रात्री: १५ आणि १६ तारखेला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ला टोकियोचं बुडोकान सभागृह. लाइव्ह अल्बम काढायची बँडला फारशी हौस नव्हती, जपानी कंपनीचा आग्रह होता. ध्वनिमुद्रण केलं मार्टिन बर्चनं, आठ ट्रॅकवर. नंतर स्टुडिओत बसून काही चिकटवलं नाही, सुधारलं नाही. सात गाणी, दोन तबकड्या. ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचं, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोची, बाकी सगळी १६ तारखेची.

हेडफोन लावून ‘हायवे स्टार’ ऐका. गिटार एका कानात आणि ऑर्गन दुसऱ्या कानात अशी वाटणी केलेली आहे, त्यामुळे कोण काय वाजवतंय ते लख्ख कळतं. गिटारचा कान काढून ठेवला तरी उरलेल्या कानात जे ऐकू येतं त्याला ऑर्गन म्हणावं की आणखी एक गिटार, असा प्रश्न पडतो. हॅमंड ऑर्गन साधारणपणे लेस्लीच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवतात, त्यानं आवाजाला ती लहरती गोलाई येते. लॉर्डनं आपला हॅमंड गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अँप्लिफायरला जोडला होता. आवाज फाटतो, खरखरतो, अंगावर येतो. ब्लॅकमोरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारपुढे दबून न जाता तोडीस तोड वाजवायचं तर हेच करायला हवं होतं. ‘हायवे स्टार’मध्ये आधी ऑर्गनचा सोलो येतो, मग गिटारचा. गिटारच्या सोलोबद्दल लोक भरभरून बोलतात. पण तो इतका तापलेला लागतो याचं कारण आधीच्या सोलोत लॉर्डनं आच लावून ठेवलेली असते.

आणि ‘लेझी’ची सुरुवात! तिथे गाणं असं अजून नाहीच. लॉर्ड एकटा आहे, तो ऑर्गनला गुरगुरायला लावतो, सूर ताणतो, मध्येच सोडून देतो, पुन्हा खालून उचलतो. घाई अजिबात नाही. बुडोकानमध्ये बसलेल्या लोकांना पुढे कुठलं गाणं येणार हे त्यानं बराच वेळ कळू दिलेलं नाही. कीबोर्ड शिकणाऱ्या कुणालाही मी हाच तुकडा पहिल्यांदा ऐकवते. बोटांच्या वेगासाठी नव्हे, तर मोकळी जागा कशी सोडावी हे कळावं म्हणून.

‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत पाच मिनिटांच्या आत संपतं. इथे ते जवळजवळ वीस मिनिटं चालतं आणि मूळ तबकडीची चौथी बाजू त्या एकट्यानं भरली आहे. शब्द लवकर संपतात आणि मग खरी मैफल सुरू होते. हा मधला भाग बँड पूर्वी ‘मॅन्ड्रेक रूट’ या गाण्यात वाजवायचा, तो उचलून इथे आणला. त्यात ब्लॅकमोर व्हॉल्यूमचं बटण फिरवत ‘फूल्स’ या गाण्यातला चेलोसारखा तुकडा काढतो, आणि लॉर्ड ऑर्गनकडून असे काही आवाज वसूल करतो की हे वाद्य एके काळी चर्चमधल्या पाइप ऑर्गनला पर्याय म्हणून विकलं जायचं यावर विश्वास बसू नये. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मधले गिलन आणि ब्लॅकमोरचे सवाल-जवाब सगळ्यांना पाठ असतात. मला तिथे लॉर्डचं मागे राहणंही तितकंच आवडतं.

तिन्ही रात्रींची गाणी पुढे १९९३च्या संचात आणि मग २०१४च्या आवृत्तीत आणखी तपशिलात आली. ज्यांना ‘मेड इन जपान’ पाठ आहे त्यांनी ती जरूर ऐकावीत. एकच गाणं, तेच पाच जण, फक्त रात्र वेगळी, आणि सोलोची वाट दर वेळी दुसरीच. मूळ अल्बमच्या मिक्सिंगला आवर्जून हजर होते ते बेसवाला रॉजर ग्लोव्हर आणि पेस, आणि निवड चोख झाली आहे असं मला तिन्ही रात्री ऐकूनही वाटतं. अपवाद ‘चाइल्ड इन टाइम’चा. त्यावर माझं मत महिन्यागणिक बदलतं.

माझा एक मित्र मात्र ‘मेड इन जपान’ला पहिला नंबर द्यायला तयार नाही. त्याचं दैवत ‘स्कँडिनेव्हियन नाइट्स’, म्हणजे नोव्हेंबर १९७०ची स्टॉकहोमची मैफल, जी अल्बम म्हणून १९८८मध्ये बाहेर आली. त्यात ‘रिंग दॅट नेक’ आणि ‘मॅन्ड्रेक रूट’ ही दोन गाणी प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आसपास जातात. मित्राचं म्हणणं, इथे बँड खरोखर अंधारात उडी मारतो, जपानमध्ये उडी कुठे पडणार हे त्यांना माहीत झालं होतं. मुद्दा वजनदार आहे. १९७०चा लॉर्ड जास्त बेदरकार आहे, हे मलाही कबूल. पण अर्ध्या तासात त्याला सांगायचं असतं ते कधीकधी वीस मिनिटांतच सांगून झालेलं असतं, आणि उरलेला वेळ तो आणि ब्लॅकमोर एकमेकांची वाट बघतात. दोन वर्षांनी जपानमध्ये ती वाट बघणं संपलेलं आहे. म्हणून मी जपानच्या बाजूची.

आता ज्या अल्बमवर सगळे तुटून पडतात त्याबद्दल. ‘लास्ट कॉन्सर्ट इन जपान’. तेच बुडोकान, तारीख १५ डिसेंबर १९७५. ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी टॉमी बोलिन हा अमेरिकन गिटारवादक. गायक डेव्हिड कव्हरडेल, बेसवर आणि जोडीला गायला ग्लेन ह्यूज. त्या दिवशी बोलिनचा डावा हात धड चालत नव्हता. गिटारवादकाचा डावा हात चालत नाही म्हणजे सूर धरणारी बोटंच गेली. साधे कॉर्ड तो कसेबसे धरतो, सोलोची जागा आली की गिटार अडखळते. १९७७मध्ये हा अल्बम बाजारात आला आणि चाहत्यांनी तो तेव्हापासून यादीच्या तळाशी ठेवला आहे.

मी तो तळाशी ठेवत नाही. त्यात लॉर्ड काय करतो ते ऐका. गिटारनं जे रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, पेलायचे, ते तो ऑर्गनवर उचलतो. गिटारचा सोलो यायला हवा तिथे ऑर्गन पुढे येतो, आणि असा येतो की जणू हेच ठरलं होतं. भरगच्च बुडोकानसमोर एका जोडीदाराची रात्र वाईट चालली आहे आणि दुसरा त्याच्या वाट्याचं ओझं उचलतोय, हे संगीतात इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. २००१मध्ये हीच मैफल नव्यानं मिक्स होऊन ‘धिस टाइम अराउंड’ या नावानं पूर्ण निघाली. ऐकायची तर तीच ऐका. जुन्या अल्बममध्ये बरंच काही कापलेलं आहे आणि मिक्सही कोंदट आहे. बोलिन पुढे वर्षभरातच गेला, डिसेंबर १९७६मध्ये. ‘वाईट अल्बम’ म्हणून तो बाजूला सारणाऱ्यांशी मी नेहमी भांडते, यापुढेही भांडेन.

‘मेड इन युरोप’ला मी दुसरा क्रमांक देते. एप्रिल १९७५च्या मैफली, ब्लॅकमोरच्या त्या काळातल्या शेवटच्या. फक्त पाच गाणी, पण ‘बर्न’ आणि ‘मिस्ट्रीटेड’ यांची धार स्टुडिओतल्यापेक्षा कितीतरी जास्त. कव्हरडेल आणि ह्यूज यांचे दोन आवाज एकदम लागतात तेव्हा गिलनची आठवण येत नाही, आणि हे म्हणणं माझ्यासारखीला सोपं नाही.

गिलन आणि ब्लॅकमोर बँडमध्ये परतल्यानंतरच्या, ऐंशीच्या दशकातल्या ‘नोबडीज परफेक्ट’बद्दल फार लिहावंसं वाटत नाही. १९८७च्या दौऱ्यातली वेगवेगळ्या शहरांतली गाणी एकत्र केली आहेत, आणि एका रात्रीचा चढ-उतार त्यातून लागत नाही. १९९३च्या दौऱ्यातला ‘कम हेल ऑर हाय वॉटर’ त्याहून सरस. त्यात स्टुटगार्टच्या मैफलीचा मोठा वाटा आहे. गिलन आणि ब्लॅकमोर यांचं तेव्हा अजिबात जमत नव्हतं, स्टुटगार्टनंतर महिनाभरात ब्लॅकमोरनं बँड कायमचा सोडला. ती तणातणी वाजवण्यात उतरली आहे, आणि दोघांच्या मध्ये लॉर्डचा ऑर्गन शांतपणे जागा भरत राहतो.

राहता राहिला ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’. रॉकचे चाहते तुलना करताना याला धरतच नाहीत, पण लॉर्डच्या बाजूनं ऐकायचं म्हटल्यावर तो सोडून कसं चालेल? रचना त्याचीच. २४ सप्टेंबर १९६९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि संचालक माल्कम आर्नल्ड. गिलन आणि ग्लोव्हर तर बँडमध्ये नुकतेच आले होते. पुढे त्या रचनेची मूळ स्वरलिपी हरवली. मार्को दे खूय या डच संगीतकारानं ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण पुन्हा पुन्हा ऐकून-पाहून ती जवळजवळ सगळी परत लिहून काढली, लॉर्डसोबत ती पक्की झाली, आणि १९९९मध्ये त्याच सभागृहात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत ती पुन्हा वाजली. या वेळी गिटारवर स्टीव्ह मोर्स, संचालक पॉल मान.

दोन्हींत १९९९चं वादन निर्विवाद सफाईदार आहे. ऑर्केस्ट्रा आणि बँड एकमेकांना सांभाळून घेतात, आवाजही स्वच्छ. तरीही मी १९६९चाच लावते. पहिल्या भागात लॉर्डनं बँड आणि ऑर्केस्ट्रा यांना मुद्दाम एकमेकांविरुद्ध उभं केलं आहे, आणि १९६९मध्ये ते दोघं खरोखरच एकमेकांना परके होते. तीस वर्षांनंतर त्यांची ओळख झालेली होती, त्यामुळे तेच सूर वाजवूनही ते भांडण पुन्हा तसं पेटत नाही.