ती जास्तीची डिस्क कुठून आली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. “इमेज आम्ही एकाच डिस्कची बांधली, मग तिच्यावरून सर्व्हर उभा केला की दोन-तीन डिस्क का दिसतात?” हा प्रश्न मला वरचेवर येतो. विचारणाऱ्याचा तोवर बहुधा अख्खा दिवस सर्व्हरच्या आत शोधाशोध करण्यात गेलेला असतो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण उत्तर तिथे नसतंच. इमेज म्हणजे सर्व्हर उभा करायचा तयार साचा, आणि कोणत्या डिस्क जोडायच्या ही यादी त्या इमेजच्या नोंदीत असते. ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या सर्व्हरच्या सेवेत तिला ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग म्हणतात: कोणत्या नावाला कोणता स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत), किती जीबी, सर्व्हर बंद करून टाकला की डिस्क पुसायची की ठेवायची. आत शिरून कितीही अनमाउंट केलं, फॉरमॅट केलं, तरी त्या नोंदीतली ओळ जागची हलत नाही.

म्हणून मी आधी लॉगिन करतच नाही. डिस्क्राइब-इमेजेस ही इमेजची नोंद दाखवणारी कमांड मूळ इमेजवर चालवते, मग आपण बांधलेल्या इमेजवर, आणि दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवते. जी ओळ दोन्हीकडे आहे ती वारशाने आली. जी फक्त नवीन इमेजमध्ये आहे ती आपण घातली.

वारशाचं ठळक उदाहरण म्हणजे उबुंटू लिनक्सच्या इमेज. त्यांत मूळ डिस्कबरोबर /डेव्ह/एसडीबी आणि /डेव्ह/एसडीसी अशा दोन ओळी असतात, इफेमेरल-० आणि इफेमेरल-१ या तात्पुरत्या डिस्कसाठी. सर्व्हरच्या प्रकाराला स्वतःची तात्पुरती डिस्क नसेल तर या ओळींनी काहीच होत नाही, त्यामुळे त्या कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या तात्पुरत्या डिस्क असलेल्या प्रकारांत तर त्या डिस्क मॅपिंग न बघताच जोडल्या जातात. तिथे मॅपिंगमध्ये खाडाखोड करण्यात वेळ घालवू नका.

आपण घातलेल्या ओळींत मला सर्वाधिक दिसलेली चूक नावाची आहे. उबुंटूची मूळ डिस्क /डेव्ह/एसडीए१, तर ॲमेझॉन लिनक्सची /डेव्ह/एक्सव्हीडीए. एकीकडचं टेम्प्लेट दुसरीकडे उचललं, मूळ डिस्क ४० जीबी करायला सांगितली आणि नाव मात्र जुनंच राहिलं, की मूळ डिस्क होती तेवढीच राहते आणि शेजारी ४० जीबीची कोरी डिस्क येऊन बसते. एरर नाही, इशारा नाही.

पण मला स्वतःला हे सगळं गांभीर्याने घ्यायला लावलं ते एका वेगळ्याच डिस्कने. बिल्डच्या वेळी कंपाइल करायला जागा पुरेना, म्हणून मी पॅकर या इमेज बांधणाऱ्या साधनाच्या लॉन्च मॅपिंगमध्ये १०० जीबीची एक डिस्क जोडली होती. इमेज बनवताना त्या क्षणी सर्व्हरला जोडलेल्या सगळ्या ईबीएस (नेटवर्कवरून जोडलेल्या, टिकणाऱ्या) डिस्कचे स्नॅपशॉट घेतले जातात, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. काही आठवड्यांनी एका चालू सर्व्हरवर एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्क दाखवणारी कमांड टाकली: एनव्हीएमई१एन१, १००जी, माउंट पॉइंटची जागा रिकामी. फक्त वाचण्यापुरती माउंट केली. आत सोर्स कोडचं अख्खं चेकआउट होतं आणि त्याच्या शेजारी बिल्डसाठी आणलेली खासगी एसएसएच की, म्हणजे लॉगिनची गुप्त किल्ली. आम्ही दिलेल्या प्रत्येक इमेजबरोबर ती गेली होती. ती की त्याच तासाला रद्द केली.

उपाय दोन ओळींचा आहे. पॅकरमध्ये याद्या दोन असतात: लॉन्चची यादी बिल्ड करणाऱ्या सर्व्हरसाठी, एएमआयची (ईसी२मधल्या इमेजचं नाव) यादी तयार होणाऱ्या इमेजसाठी. डिस्क लॉन्चच्या यादीत राहू द्या, आणि एएमआयच्या यादीत तेच डिव्हाइसचं नाव लिहून नो-डिव्हाइस ट्रू करा, म्हणजे ती डिस्क इमेजमधून वगळली जाते. उबुंटूच्या त्या इफेमेरल ओळीही अशाच जातात. लॉन्चच्या यादीत डिलीट-ऑन-टर्मिनेशनही (सर्व्हर संपला की डिस्क पुसायची) ट्रू लिहा. ते आपोआप होत नाही, आणि प्रत्येक बिल्डमागे एक बेवारस डिस्क साठत जाते.

बांधून झालेल्या इमेजचं मॅपिंग बदलता येत नाही. मूळ डिस्कच्या स्नॅपशॉटवरून रजिस्टर-इमेजने नवी इमेज नोंदवता येते, पण रेड हॅट किंवा विंडोजसारख्या परवान्याच्या सिस्टीमवर तसं करू नका, बिलिंगची माहिती तुटते. तिथे नको असलेल्या डिस्कला नो-डिव्हाइस देऊन सर्व्हर चालू करा आणि त्याच्यावरून पुन्हा इमेज घ्या.

आणि जुन्या इमेजची नोंदणी नुसती रद्द केली तर तिचे स्नॅपशॉट मागे राहतात. मी त्या १०० जीबीच्या डिस्कचे सगळे स्नॅपशॉट इमेजच्या जुन्या नोंदींशी ताडून एकेक पुसले. की रद्द झालेली होती, पण सोर्स कोड अजून त्यांच्यातच होता.