भिवंडी ते रायपूर, ट्रकने: समृद्धीवर वाचलेले तास झोपेला द्या

भिवंडीच्या गोदामातून किराणा माल भरायचा, रायपूरला खाली करायचा आणि परतीला रायपूरजवळच्या सिलतऱ्याची सळई आणायची. गाडी दहा टायरी, बीएस-सहा, सोबत क्लीनर. रस्ता आमच्या ओळखीचा, पण आता त्याची चाल बदलली आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता भिवंडीतून निघालेली गाडी कसारा घाट न चढता नागपूरच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटर सलग जाते. पूर्वी धुळे, जळगाव, अकोला, अमरावती करत जायचो. ज्यांना पहिल्यांदाच या मार्गाने जायचं आहे, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

गोदामातून निघालात की आधी काटा करा, म्हणजे भरल्या गाडीचं वजन करून घ्या. दहा टायरी गाडीचं पासिंग मालासकट साडेअठ्ठावीस टनांचं. जास्त निघालं तर दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. 'एवढ्याने काही होत नाही' असं गोदामवाला म्हणतो, पण चालान गाडीच्या नावावर फाटतं. हमालीचंही आधीच बोलून घ्या. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा आपले वाहतूकदार इतकी वर्षं देत आले आहेत. तरी वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे, पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापायचा प्रयत्न होतोच. ते कोण देणार हे बिल्टी (मालाची वाहतूक पावती) हातात घेण्याआधी ठरवा.

समृद्धीवर टोल अंतरावर लागतो, जिथे उतराल तिथे कटतो. एप्रिल २०२५ च्या दराने तीन अ‍ॅक्सलला, म्हणजे आपल्या दहा टायरी गाडीला, किलोमीटरमागे ७ रुपये ६० पैसे, म्हणजे पूर्ण रस्त्याला सव्वापाच हजारांच्या पुढे. भाडं ठरवताना हा आकडा धरला नाही तर फेरीत काही उरत नाही. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवा. राष्ट्रीय महामार्गांवर नोव्हेंबर २०२५ पासून फास्टॅग चालला नाही आणि रोख दिलीत तर दुप्पट, यूपीआयने दिलेत तर सव्वापट टोल असा नियम आला. नागपूरनंतर तुम्ही त्याच रस्त्यांवर असता.

इगतपुरीचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे आणि कसाऱ्याच्या मानाने फार सुखाचा. सिन्नर, शिर्डी, वैजापूर मागे पडतात, जालना येतं. इथून पुढचा पट्टा मनावर घ्यायचा. रस्ता सरळ, वळण नाही, गाव नाही, समोरून कोणी येत नाही. पाय एकाच जागी, नजर एकाच रेषेवर. डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपतो. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ एक मिनीबस मागून ट्रकवर आदळली, त्यात १२ जण गेले. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे दोन अपघात लक्षात ठेवावेत. एक स्टिअरिंगवरच्या माणसासाठी, दुसरा ट्रकच्या मागच्या दिव्यांसाठी.

म्हणून माझं ठाम मत असं आहे, की या रस्त्याने जे तास वाचतात ते मालकाचे नाहीत आणि माल पाठवणाऱ्या पार्टीचेही नाहीत. ते झोपेचे आहेत. आम्ही जालन्याच्या आधी जेवलो, हलकं जेवलो, आणि मध्यरात्रीनंतर गाडी अधिकृत थांब्यावर लावून पहाटेपर्यंत झोपलो. ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या मुदतीच्या कागदाचा, हिशेब करून बघा. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. भिवंडी ते रायपूर हजारभर किलोमीटर आहे, म्हणजे कागदावर पाच दिवस तुमच्या हातात आहेत. मुदत संपत आली तर संपण्याआधीच्या आठ तासांत किंवा संपल्यानंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. 'बिल संपेल, पळव गाडी' असं कोणी फोनवर सांगितलं तर हे त्याला ऐकवा.

झोप आली म्हणून कडेच्या पट्टीवर गाडी लावू नका. मागून येणाऱ्या कारवाल्याला तुमची गाडी उभी आहे की चालते आहे, हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते. पंप किंवा थांबा गाठा. बिघाडच झाला तर दिवे चालू ठेवा, त्रिकोण बराच मागे ठेवा आणि क्लीनरला कठड्याच्या बाहेर उभं करा. मागची परावर्तक पट्टी चिखलाने झाकली असेल तर निघतानाच पुसा. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाची आहे, १०३३ हा मदत क्रमांक राष्ट्रीय महामार्गांचा. समृद्धीचा क्रमांक चढतानाच फोनमध्ये टाकून ठेवा.

सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात, उन्हाळ्यात फारच. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. तापलेल्या टायरमधली हवा 'जास्त झाली' म्हणून सोडायची नाही, गार झाल्यावर तो कमी हवेवर पळतो आणि फुटतो. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर पुढे कधीच नको. युरिया, म्हणजे बीएस-सहा गाडीचा धूर स्वच्छ करायला टाकतात तो द्रव, सीलबंद बादलीतलाच घ्या. सुट्या, भेसळीच्या युरियाने सेन्सर बिघडला की इंजिन ताकद सोडतं, आणि मग वर्कशॉपपर्यंत गाडी रांगत न्यावी लागते.

नागपूरला शिवमडक्याला उतरून शहरात न शिरता बाहेरच्या रिंग रोडने भंडारा रस्ता धरा. भंडारा, लाखनी, साकोलीपर्यंत काही अडचण नाही. साकोली ते देवरी जंगलाचा भाग, नवेगाव आणि नागझिरा या दोन्ही जंगलांमधून प्राणी ये-जा करतात. हा टप्पा आम्ही उजेडात काढला, तुम्हीही तसाच काढा. छत्तीसगडात शिरल्यावर पावसाळ्यात डांबरावर गुरं बसलेली असतात, काळी गुरं ओल्या रस्त्यावर दिसतच नाहीत. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई हा सगळा गर्दीचा पट्टा आहे, तिथे वेळ जाणारच.

ढाब्यावर बसलो की चर्चा एकाच कलमाची, 'टक्कर मारून पळालात तर दहा वर्षं'. जानेवारी २०२४ च्या ड्रायव्हरांच्या संपानंतर भारतीय न्याय संहितेतलं हे १०६ चं दुसरं उपकलम सरकारने लागू केलं नाही. जुना नियम मात्र कायम आहे. जखमीला मदत करायची, जमाव अंगावर येत असेल तर सुरक्षित जागी जायचं, पण २४ तासांच्या आत पोलिसांत कळवायचं. निघालात तर ११२ ला फोन करूनच निघा, म्हणजे पळून गेलात असं कोणाला म्हणता येत नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन चांगल्या बातम्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, टायरवरचाही. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावर १२ ऐवजी ५ टक्के लागतात. आणि १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम व जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. एसी ही चैन आहे असं म्हणणाऱ्या मालकांनी मे महिन्यात दुपारी वर्धा ते नागपूर जुन्या केबिनमध्ये बसून जावं. डिझेल वाचवण्यासाठी एसी बंद ठेवायला लावणं हा ड्रायव्हरवर अन्याय आहे, आणि त्याने झोपही बिघडते. सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' नावाची विश्रामगृहं केली आहेत, खाट आणि अंघोळीची सोय असते, अ‍ॅपवरून जागा धरता येते. वाटेत कुठे आहेत ते निघण्याआधी बघून ठेवा.

परतीच्या सळईचं भाडं ठरवताना घाई नको. रायपूरला गाड्या साचल्या की दलाल भाव पाडतात, पण एक रात्र थांबून सकाळी विचारलं तर बरेचदा फरक पडतो. सळई केबिनच्या बाजूला सरकणार नाही अशी साखळीने बांधून घ्या, नुसत्या दोरावर नाही, आणि थोडं अंतर गेल्यावर उतरून साखळी पुन्हा ताणा. बाकीचं भाडं पोहोच पावती दिल्यावर मिळतं, तेव्हा माल उतरला की पावतीवर सही-शिक्का घेऊन तिथेच फोटो काढा आणि मगच फाटकाबाहेर पडा.