दुपारी एक चाळीसला रात्र कशी? – कॅप्टन होतानाचा माझा अनुभव

खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या आल्यापासून नाशिकच्या कॉलेज रोडवर भेटणारं प्रत्येक ओळखीचं माणूस विचारतं, "कॅप्टन व्हायला काय काय लागतं गं?" त्यांना वादळाबिदळाचं काहीतरी ऐकायचं असतं. माझ्या डोक्यात मात्र अजून रात्रीच्या उड्डाणाचे ते पाच तासच बसलेत.

नियम आधी सांगून टाकते. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. कमर्शियल लायसन्सला उड्डाणाचे २०० तास. मग कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजवी सीट. डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसायला एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) लागतं: वय किमान २१, एकूण १५०० तास, त्यात रात्रीचे १००, लेखी परीक्षेत ७० टक्के आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी. एवढं हातात आलं म्हणून कंपनी लगेच कमांड, म्हणजे कॅप्टनपद, देत नाही, तिच्या अटी वेगळ्या असतात. परीक्षा मी वेळेत काढल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते एटीपीएलचा अर्ज भरताना. पहिल्या दिवसापासूनचे सगळे तास ई-लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या ऑनलाइन नोंदवहीत, चढवायचे आणि जिथे उडवले तिथल्या माणसांनी ते मंजूर करायचे. कंपनीतले तास पटकन झाले. प्रशिक्षणातले तास मात्र जुन्या फ्लाइंग स्कूलच्या हातात. तिथले मालक बदललेले, आमचे चीफ इन्स्ट्रक्टर सोडून गेलेले. फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, मी तेव्हा नव्हतो, मी कशी सही करू?"

शेवटी सुट्टीला नाशिकला आले की बाबांची गाडी काढायची आणि तिकडे जाऊन बसायचं, असं सुरू झालं. टेबलावरचे गृहस्थ हिशेबाच्या कामावरून उचलून या खुर्चीवर आणलेले. बाकी सगळं त्यांनी कुरकुरत मान्य केलं. कमर्शियल लायसन्ससाठी केलेल्या रात्रीच्या पाच तासांवर मात्र बोट ठेवलं.

"तुमच्या लॉगबुकात टेक-ऑफ १३:४० आहे. आमच्या रजिस्टरात १९:१०."

"लॉगबुक यूटीसीत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे लिहितात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. बेरीज करून बघा."

त्यांनी बेरीज केली. "बरं. पण हे रात्रीच्या रकान्यात कसं? दुपारी एक चाळीसला रात्र कशी?"

मी परत सांगितलं. विमानवाल्यांची रात्र सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी सुरू होते आणि सूर्योदयाच्या २० मिनिटं आधी संपते. तारीख डिसेंबरातली, संध्याकाळचे सात दहा, गच्च अंधार. सूर्यास्ताच्या वेळेचा कागदही पुढे ठेवला. ते म्हणाले, वेळेच्या फरकाचं कुणाकडून तरी लेखी आणा. ग्रिनिचहून आणू का, असं अगदी ओठांवर आलं होतं.

बरं, तेवढे तास सोडून द्यावेत, तर एकूण बेरीज जुन्या लायसन्सच्या कागदांशी जुळेना. कंपनीत रात्री-अपरात्री शेकडो तास उडवलेली मी, आणि गाडी या पाचावर अडलेली. बरोबरीच्या मुलांचं कमांड ट्रेनिंग सुरू झालेलं. आई रोज विचारायची, "झाली का गं सही?" त्या दिवसांत मी तिच्यावर फार खेकसले.

सुटका केली ती हँगरमधल्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी. ज्यावर मी शिकले ते विमान कोपऱ्यात इंजिनाविना उभं होतं, पण त्याचं जर्नी लॉगबुक, म्हणजे त्या विमानाच्या प्रत्येक उड्डाणाची नोंदवही, काकांच्या कपाटात. तेही यूटीसीतच. काकांनी ते टेबलावर माझ्या लॉगबुकाशेजारी उघडं ठेवलं आणि काही न बोलता निघून गेले. मिनिट न् मिनिट जुळलं. सही झाली.

पुढचं सिम्युलेटर, डाव्या सीटवरून ट्रेनिंग कॅप्टनबरोबरची उड्डाणं, शेवटचा चेक, सगळं कष्टाचं होतं. पण तिथे चूक काढणाऱ्याला विमान कळत होतं. आता इंधन किती घ्यायचं, हवा खराब असेल तर उतरायचं की दुसऱ्या विमानतळाकडे वळायचं, याचा शेवटचा शब्द माझा. त्याची जबाबदारीही माझीच, को-पायलट चालवत असला तरी.

आता जे शिकताहेत त्यांना: फ्लाइंग स्कूल सोडायच्या आधी लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का घ्या आणि सही करणाऱ्याचं नाव खाली स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आणि पासपोर्टवर नाव एकसारखं आहे ना, तेही आत्ताच बघा. क्लास वन मेडिकल चाळिशीच्या आत १२ महिनेच चालतं. सहीची वाट बघताना तिकडे ते संपत असतं. चिडलात तरी टेबलावर चिडू नका, बाहेर टपरीवर चहा घ्या आणि तिथे चिडा. फ्लाइंग स्कूलच्या रजिस्टरचे फोटोही काढून ठेवा, तारीख आणि वेळ दोन्ही दिसतील असे.